शेवटचा सूर

माहीम, ता. पालघर
२० नोव्हेंबर १९८३

ती. पुष्पाताई यांस,

माहीमहून दिनानाथ राऊतचा नमस्कार. तुमचं कार्ड पोचलं. घरी दमयंती आणि मुलं ठीक आहेत. पाऊस यंदा फार रेंगाळला, पानमळ्यात वेली पिवळ्या पडल्या होत्या, आता सावरल्या. करंज्याला तुमची सगळी मंडळी खुशाल असतील आणि होड्या धंद्याला लागल्या असतील असं धरून चालतो.

भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत म्हणून भिका दोन दिवस तोंड पाडून होता. पत्र काही तो लिहायचा नाही. "मास्तर, तुमीच लिवा, तुमचा अक्षर बरा हाय," म्हणतो आणि मोकळा होतो. तेव्हा भावाची हकीकत माझ्याच हातून वाचायची सवय तुम्ही आता करून घ्या.

हकीकत चांगली आहे. खरं सांगायचं तर फारच चांगली आहे. चार वर्षांपूर्वी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन तुम्ही आमच्या अंगणात आला होतात आणि भिका तुमच्या मागे मान खाली घालून उभा होता, ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. तांडेलाच्या घरातला मुलगा होडीत ओकतो म्हणून शिरगावात पोरंटोरं त्याला हसायची. तुम्ही म्हणालात, "दरिया याला झेपत नाही, कंपनीत कुठेही चिकटवा." मी टाइम ऑफिसला असल्यामुळे ते जमलं. पण नोकरी लावणं वेगळं आणि माणूस उभा करणं वेगळं. तो उभा राहिला तो सॅक्सोफोनमुळे.

आमचा सालवडचा हौशी वाद्यवृंद तुम्ही ऐकला नाहीत. शाळेची एक खोली संध्याकाळी सहा ते आठ आम्हाला मिळते. सगळे कंपन्यांतले कामगार. साइड ड्रमवर बळवंत, ट्रंपेटवर रामअवध नावाचा उत्तर प्रदेशचा फिटर, दोन क्लॅरिनेटवाले. लग्नाची सुपारी आम्ही घेत नाही. गणपती, सव्वीस जानेवारी, कोणाच्या घरचं बारसं, बस. सॅक्सोफोन एकच, माझा. वसईच्या आंतोन मास्तरांकडे मी सहा वर्षं शिकलो, त्यांनी म्हातारपणी तो मला दिला.

भिकाला पहिल्यांदा तोटी तोंडात दिली तेव्हा असा आवाज निघाला की बळवंत खुर्चीवरून हसत खाली बसला. खालचा ओठ दातांवर दुमडून वाजवायचा असतो. महिनाभर ओठ फुटून रक्त यायचं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचा आणि परत दुसऱ्या दिवशी यायचा. तोटीला लावायची वेताची पत्ती जिभेवर ओली ठेवून सायकलवरून यायचा, त्यामुळे वाटेत कोणी हाक मारली तरी बोलायचा नाही. लोकांना वाटायचं, भिका तामोरे गर्विष्ठ झाला.

रविवारच्या सरावाला मी सॅक्सोफोन त्याला घरी न्यायला द्यायचो. अशाच एका रविवारी मी शिरगावला गेलो होतो. किल्ल्याच्या पुढे सुरूच्या झाडांत तो एकटाच एक सूर लावून उभा होता. नुसता एक सा. मी मोजायला लागलो. बेचाळीस मोजेपर्यंत तो सूर हलला नाही, पुष्पाताई. माझा कधी अठ्ठावीसच्या पुढे गेला नव्हता. आणि नुसती लांबी नाही. त्या सुरात एक ओलावा होता. आंतोन मास्तर मला सहा वर्षं सांगत होते की तुझा सूर बरोबर आहे पण कोरडा आहे. ते काय म्हणत होते ते मला त्या दिवशी समजलं. घरी येऊन मी दमयंतीला सांगितलं की उद्यापासून सॅक्सोफोन भिकाचा, मी फक्त शिकवणार.

एकच अडचण होती, शिफ्टची. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, तीन आठवड्यांत एकच आठवडा तो सरावाला यायचा. तीही मी गेल्या महिन्यात सोडवली. साहेबांशी बोलून त्याला पक्की पहिली शिफ्ट मिळवून दिली, सात ते तीन. खातं ड्रायरचं आहे, म्हणजे रंगाची भुकटी सुकवायचं. थोडी धूळ असते, संध्याकाळी हात पिवळे दिसतात. नाकातोंडाला फडकं बांधलं की काम होतं. आता तो रोज सहाला हजर असतो.

मंगला सुखात आहे. तुमच्या भावजयीला त्याच्या वाजवण्याचा अभिमान आहे, पण तोंडावर सांगत नाही. बाकी सर्व ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. भिकाची काळजी करू नका, तो माझ्यापाशी आहे.

तुमचा,
दिनानाथ


माहीम
५ जानेवारी १९८६

ती. पुष्पाताई यांस,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. स्पर्धेच्या गडबडीत होतो आणि नंतर वर्षअखेरची हजेरीची कामं होती.

बातमी अशी, की पालघरच्या हौशी वाद्यवृंद स्पर्धेत आपला दुसरा नंबर आला. बावीस डिसेंबरला होती. एका शाळेच्या मैदानात मांडव घातला होता, दुपारी चारला आमची पाळी आली. डहाणू, विरार, वाडा, सगळीकडची मंडळं होती. मी स्वतः बसवलेली भूपातली धून आम्ही वाजवली. सहा महिने त्याच्यावर घालवले होते. भिकाने छान वाजवलं. शेवटचा सूर थोडा आखूड पडला, पण लोकांच्या लक्षात आलं नाही. टाळ्या चांगल्या पडल्या. बक्षिसाचा करंडक सध्या बळवंतच्या खोलीत आहे.

गणपतीत तुम्ही आला होतात तेव्हा भिका वाळलेला दिसला असं तुम्ही लिहिता. मंगलानेही तुम्हाला काही कळवलेलं दिसतं. तसं विशेष काही नाही. थंडीचा खोकला आहे. इकडे कंपनीपाशी, बोईसरला, हवेत सारखा वास असतो, सगळेच खोकतात. शिवाय त्याचं जेवण वेळेवर नसतं. मी त्याला खडीसाखर आणि ज्येष्ठमध दिला आहे.

दुसरं म्हणजे तो थोडा आळसावला आहे, हेही तुम्हाला सांगायला हवं. दम वाढवायचे लांब सूर तो हल्ली लावत नाही. मी चारदा बोललो. एकदा सगळ्यांसमोर बोललो, ते मला बोलायला नको होतं. "नाव झालं की माणूस मेहनत सोडतो," असं म्हणालो. तो ऐकून घेतो. उलटून बोलायची त्याची पद्धतच नाही, तुम्ही त्याला तसं वाढवलेलं आहे.

रामअवध मध्ये पडला. "मास्टरजी, आदमी थका हुआ है, छोड़ दीजिए." मी त्याला म्हटलं, थकायला काय झालं, तीनला सुटतो, सहापर्यंत विश्रांती मिळते.

असो. ड्रायरमधून त्याला काढून गोडाऊनला टाकायचं चाललं आहे. शुक्रवारी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि साहेबांकडे दिला. महिनाभरात होईल. गोडाऊनला शिफ्ट बदलती आहे, त्यामुळे सरावाचं काय होईल ते बघू. स्पर्धा झाली, आता घाई नाही.

मुंबईला दाखवावं असं तुम्ही म्हणता. जरूर दाखवू. आधी इथल्या डॉक्टरांचं औषध पुरं होऊ दे.

लिहिण्यासारखं आणखी असं काही नाही.

तुमचा,
दिनानाथ


माहीम
१९ फेब्रुवारी १९८९

ती. पुष्पाताई यांस,

नमस्कार.

तुमचं पत्र येऊन सोळा दिवस झाले. पुढच्या महिन्यात भिकाला जाऊन वर्ष होईल, वर्षश्राद्ध शिरगावलाच करायचं तुम्ही ठरवलंत, आणि तुम्ही मला बोलावलंत. तुम्ही लिहिलंत, "मास्तर, तुम्ही माझ्या भावाला माणसांत आणलंत. त्या दिवशी तुम्ही स्वतः चार सूर वाजवा, त्याच्या जिवाला बरं वाटेल." आणखी एक विचारलंत. तो शेवटपर्यंत वाजवत होता का?

दहनाच्या दिवशी तुम्ही हेच विचारलं होतं तेव्हा मी हो म्हणालो होतो. तो वाजवत नव्हता. स्पर्धेनंतर त्याने एकदाही सॅक्सोफोन वाजवला नाही. सत्त्याऐंशीच्या होळीला मी शिरगावला गेलो असताना त्याने नुसती तोटी मागून घेतली, ओठ दुमडले, फुंकर मारली. वारा गेल्यासारखा आवाज झाला. सूर नाही. त्याने ती लुंगीला पुसली आणि माझ्या हातात दिली. "न्या मास्तर." तेवढंच म्हणाला. मग पाठीला उशा लावून, बसल्या बसल्या झोपला. आडवं झोपता येत नव्हतं त्याला तेव्हा.

मी वर्षश्राद्धाला वाजवणार नाही. का ते आता लिहितो. दोनदा लिहून फाडलं आहे, म्हणून जसं घडलं तसंच सरळ सांगतो.

तुम्हाला मी पूर्वी कळवलं होतं की त्याला पक्की पहिली शिफ्ट मिळवून दिली. ती कशी मिळाली ते कळवलं नव्हतं. ड्रायरला कोणी जायला तयार नसायचं. म्हणून कंपनीने ठरवलं होतं की जो स्वतःहून जाईल त्याला शिफ्ट बदलावी लागणार नाही. भिका मला म्हणाला होता, "मास्तर, तिकडं धूळ लय हाय. दोन माणसा सोडून गेली." मी म्हटलं, अरे, फडकं बांध. रोज सराव होईल. तुला वाजवायचंय की नाही? त्यावर तो काय बोलणार? बदलीच्या कागदावर कारण लिहायची जागा असते. त्या जागेवर मी माझ्या अक्षरात "स्वखुशीने" लिहिलं आणि त्याने खाली सही केली.

हे एक. याच्यावर अजून कोणी म्हणेल, तुम्हाला काय माहीत होतं.

पण मला माहीत होतं, पुष्पाताई. त्याच्या खोकल्याच्या आधी मला माहीत झालं. प्रत्येकाचा दम मी एका वहीत लिहून ठेवायचो, किती मोजेपर्यंत सूर टिकला ते. भिकाचा त्र्याऐंशीत बेचाळीस होता. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत छत्तीस. पंच्याऐंशीच्या होळीत एकोणतीस. पावसाळ्यात बावीस. वाजवणाऱ्याचा दम वर्षागणिक वाढतो, सराव करणाऱ्याचा कधी असा उतरत नाही. हे कुठल्याही डॉक्टरच्या आधी बँडमास्तरला कळतं. मला कळलं. मी त्याला आळशी म्हटलं, कारण आळशी म्हटलं की दोष त्याचा होत होता.

आता मुख्य ते.

जुलै पंच्याऐंशीत, एका सोमवारी तीनच्या सुट्टीला, तो माझ्या ऑफिसच्या खिडकीशी आला. हातात कागद होता. बळवंतकडून लिहून घेतलेला अर्ज. छातीत दुखतं, धाप लागते, ड्रायरमधून दुसरीकडे बदली मिळावी. तारीख पंधरा जुलै. म्हणाला, "साहेबांना द्या मास्तर. जिना चढला का थांबाया लागतं."

मी म्हटलं, देतो.

तो गेला. मी कागद वाचला. डिसेंबरात स्पर्धा होती. दुसऱ्या कुठल्याही खात्यात टाकला तर शिफ्ट बदलती होणार, आणि तीनातले दोन आठवडे माझी धून सॅक्सोफोनवाचून राहणार. ती धून मी त्याच्यासाठी बांधली होती. शेवटी सगळी वाद्यं थांबतात, ड्रमसुद्धा, आणि एकटा सॅक्सोफोन सा धरून उभा राहतो. तो सा मला पालघरच्या मांडवात शेकडो माणसांपुढे ऐकायचा होता. माझ्या तोंडून तो कधी निघाला नसता. त्याच्या तोंडून निघाला असता, आणि लोक म्हणाले असते, हा दिनानाथ राऊतचा चेला.

मी अर्ज खणात ठेवला. पाच महिन्यांचा तर प्रश्न, असं स्वतःला म्हटलं.

ऑगस्टात त्याने विचारलं, "दिला का?" मी म्हटलं, दिलाय, साहेब बघतायत. गणपतीनंतर पुन्हा विचारलं. मी म्हटलं, अरे, वरती गेलाय, वेळ लागतो. त्यानंतर त्याने विचारलं नाही.

स्पर्धेचं मी तुम्हाला लिहिलं होतं की शेवटचा सूर थोडा आखूड पडला. असं झालं नव्हतं. सगळी वाद्यं थांबली, ड्रम थांबला, भिकाने सा लावला. मी बाजूला उभा राहून मनात मोजत होतो. नऊवर तो सूर तुटला. त्याने सॅक्सोफोन तोंडापासून बाजूला केला नाही. गाल हलत होते, बोटं चाव्यांवर होती, डोळे मोठे झाले होते आणि आवाज नव्हता. मांडवातल्या लोकांना वाटलं, धून संपली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. तो टाळ्यांमध्ये तसाच उभा होता, श्वास शोधत. रामअवधने त्याला धरून खाली बसवलं. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "वारा नाय पुरला, मास्तर." मी त्याला म्हटलं, बस जरा, निकाल लागायचाय.

मी हे म्हटलं. बळवंतने ऐकलं. त्यानंतर बळवंत सरावाला आला नाही आणि मार्चपर्यंत आमचं मंडळ मोडलं. लोकांना मी सांगतो की शाळेने खोली काढून घेतली.

जानेवारीत मी त्याच्याकडून नवा अर्ज लिहून घेतला. तीन जानेवारी शह्याऐंशी. तो म्हणाला, "आदीचा कुठं गेला?" मी म्हटलं, साहेबांकडे हरवला. जुना मी ऑफिसातच फाडला. कागदाचे तुकडे कोणाला सापडू नयेत म्हणून घरी आणून चुलीत टाकले. दमयंतीने विचारलं, काय जाळताय? मी म्हटलं, रद्दी.

एवढं करूनही मी थांबलो नाही. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या इस्पितळात मीच त्याला घेऊन गेलो होतो, तुम्ही त्याबद्दल माझे आभार मानले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दम कधीपासून लागतो? भिकाला बोलताना धाप लागत होती. त्याने माझ्याकडे बोट केलं. "मास्तरांना सगळा ठाऊक हाय." बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडून निघालं, "यंदाच्या थंडीपासून." म्हणजे दोन-तीन महिने. दीड वर्षाची गोष्ट मी दोन महिन्यांची केली. त्यांनी टीबी धरून औषध सुरू केलं. ते आठ महिने चाललं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की टीबी नव्हता, भुकटीने फुफ्फुसं कडक झाली आहेत आणि ती आता नरम होणार नाहीत.

भिकाने माझं ते उत्तर ऐकलं होतं. तो टेबलाच्या या बाजूला माझ्या शेजारीच बसला होता. परत येताना पालघर स्टेशनवर त्याने मला चहा पाजला, हट्टाने. मी नको म्हणत होतो.

जुलैतच बदली झाली असती तर तो वाचला असता का? मी दोन डॉक्टरांना विचारून आलो, कोणाचं आहे ते न सांगता. एक म्हणाला, कदाचित. दुसरा म्हणाला, तेव्हाच उशीर झालेला असणार. दुसऱ्याचं बोलणं धरून बसायचा मी खूप प्रयत्न केला. जमत नाही. अर्ज खणात ठेवताना मला कुठे ठाऊक होतं उशीर झालाय की नाही? मी देऊन बघितलंच नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी आधी मंगलाकडे गेलो. सकाळची वेळ होती, शिरगावच्या किनाऱ्यावर ती वलांडीच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आता तुम्हाला लिहिलं तसंच. ती एकेक जोडी दांडीवर टाकत राहिली. माझं संपलं तेव्हा टोपलीत पाचसहाच बोंबील राहिले होते. तेही तिने घातले, हात वाळूत पुसले.

मग म्हणाली, "तुमी सांगून हलका झाला. आता मी कोणाला सांगू?"

तिने रिकामी टोपली उपडी करून झटकली.

"मी त्याला बोलायची," ती म्हणाली, "मास्तर हायत ना, ते बगतील. रोज बोलायची. त्याचा जीव घाबरा झाला का हेच बोलायची."

मी जायला निघालो, तर तिने मागून हाक मारली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "पुष्पाबायला मी नाय सांगनार. तुमी लिवा. तुमच्या हातानं लिवा."

म्हणून हे पत्र.

आणखी एक करून पाहिलं तेही सांगतो. मागच्या सोमवारी मी साहेबांकडे गेलो आणि म्हटलं की भिका तामोरेच्या कागदावरचा शेरा चुकीचा आहे, तो स्वखुशीने गेला नव्हता, आणि पंच्याऐंशीच्या जुलैत त्याने बदली मागितली होती. साहेब नवे आहेत, भिकाला त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांनी फाईल मागवली, बघितली. म्हणाले, "राऊत, जुलैचा अर्ज यात नाही." मी म्हटलं, मी फाडला. "आणि हे 'स्वखुशीने' कोणाचं अक्षर?" मी म्हटलं, माझं. "मग मी काय खोडू?" म्हणाले आणि फाईल बंद केली. रागावले नाहीत. मला कामावरूनही काढलं नाही. मी अजून त्याच खुर्चीवर बसून हजेरी मांडतो.

ड्रायर चालू आहे. तिथे आता आझमगढचे दोघे भाऊ आहेत. त्यांना मी बाजूला घेऊन सगळं समजावलं, भिकाचं नाव घेऊन. थोरला हसून म्हणाला, "बाबूजी, फर्स्ट शिफ्ट पक्की है. बाहर दूसरा काम भी कर लेते हैं. क्यों छोड़ें?" मी रोज त्यांच्या कार्डावर वेळ टाकतो. धाकटा गेल्या आठवड्यापासून खोकतो आहे.

सॅक्सोफोन माझ्या घरी आहे. मी तो वाजवून बघितला नाही आणि कोणाला दिलाही नाही. तुम्हाला हवा असेल तर पोचवीन. नको असेल तर तसं कळवा.

वर्षश्राद्धाला मी येणार नाही. पण मी कुठे लपून बसलेलो नाही. रविवारी मी घरीच असतो. तुम्ही याल, किंवा तुमच्या घरचं कोणी येईल, आणि जे काही बोलायचं असेल ते बोलेल, तर मी ऐकून घेईन. आला नाहीत तरी तुमचं बरोबरच आहे.

हे पत्र टाकायच्या आधी मी शिरगावला जाऊन मंगलाला वाचून दाखवलं. तिने मध्ये कुठेच थांबवलं नाही. इथे, शेवटाला, मी तुमची क्षमा मागितली होती, एक ओळ लिहिली होती. ती म्हणाली, "ते नको. ते खोडा."

खोडलं आहे.

दिनानाथ वामन राऊत